टँकच्या तोंडाशी लिहिलेली नावं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बाबाराव लांजेवार साक्षीला उभे राहिले. रायपूरच्या श्रम न्यायालयात त्या दिवशी एकोणीस प्रकरणं लागली होती; हे सातवं. बाबारावांनी शपथ घेतली, लांबचा चष्मा काढून जवळचा लावला आणि कापडी पिशवीतून खिशात मावतील अशा एकतीस वह्या काढून टेबलावर रचून ठेवल्या.

मागच्या बाकावर आनंदी शेंडे बसली होती. प्रकरण तिच्या नवऱ्याचं होतं. प्रशिक बेचाळीस वर्षांचा. पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांतून निघून रस्त्यावरच्या रिक्षापर्यंत येताना त्याला दोनदा थांबावं लागे, म्हणून तो आला नव्हता. आजाराचं नाव सिलिकोसिस. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, आतल्या आत जखमा करते आणि फुप्फुसं ताठ होत जातात. यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

ही धूळ त्याला जहाजात मिळाली. जहाजाच्या पोटात लहानमोठ्या टाक्या असतात: पाण्याच्या, तेलाच्या, काही नुसत्या तोल सांभाळायच्या. कामगार त्यांना टँक म्हणतात. रंग देण्याआधी टँकचा गंज काढावा लागतो आणि प्रशिकच्या ठेकेदाराकडे तो दाबाच्या हवेनं वाळू मारून काढत. एका माणसाला जेमतेम उतरता येईल एवढ्या भोकातून आत जायचं, अंधारात दिवा लावायचा आणि चारी बाजूंच्या लोखंडावर वाळू मारायची. पूर्व किनाऱ्यावरच्या एका यार्डात प्रशिकनं हे काम आठ वर्षं केलं. यार्डाचं म्हणणं होतं, पाच महिने.

यार्डाच्या कागदावर खरोखरच पाच महिने होते. २००९ च्या ऑगस्टमध्ये प्रशिक तिथं पोचला तेव्हा त्याचा गेटपास तयार व्हायला दोन-तीन महिने लागणार होते. त्याच आठवड्यात रामकृष्ण साहू नावाचा अभनपूरकडचा गडी आईच्या आजारपणासाठी गावी निघून गेला होता. त्याचा पास ठेकेदाराच्या खणात पडून होता. फोटो इतका पुसट होता, की तो कोणाचाही असू शकला असता. "पंधरा दिन की बात है," असं म्हणून ठेकेदारानं तो प्रशिकच्या गळ्यात अडकवला. रामकृष्ण परत आला नाही. दरवर्षी त्याच्या नावाचा पास नवा होत राहिला, आणि पंधरा दिवसांची सात वर्षं सात महिने झाली. पगार हातात मिळायचा तो प्रशिकला, पीएफ जमा व्हायचा तो रामकृष्णच्या नावावर. २०१७ मध्ये गेटवर बोटांचे ठसे घेणारं मशीन आलं तेव्हा कुठे प्रशिकला स्वतःच्या नावाचा पास मिळाला. पाच महिन्यांनी एक्स-रेमध्ये छाती पांढरी दिसली आणि ठेकेदारानं त्याला रायपूरचं तिकीट काढून दिलं.

रामकृष्ण दोन वर्षांपूर्वी वारला. ठेकेदाराची कंपनी बंद झाली. पाच महिन्यांत सिलिकोसिस सहसा होत नाही, हे यार्डाच्या वकिलांनी लेखी कळवलं, आणि तेही खरंच होतं. आधीची सात वर्षं प्रशिक त्या टँकमध्ये होता, हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

असा एक माणूस रायपुरातच होता आणि तो बूढ़ापाऱ्यात राहत होता.

बाबारावांचे वडील नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथंच राहिले. बाबाराव मात्र निवृत्त होऊन परतेपर्यंत एकतीस वर्षं त्या यार्डात होते, कायम कामगार, सुरक्षा खात्यात. त्यांचं काम होतं टँकच्या तोंडाशी बसणं. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, आतली हवा कशी आहे, कोण किती वाजता बाहेर आलं, हे पाहायचं आणि यार्डाच्या रजिस्टरात लिहायचं. दर पंधरा मिनिटांनी पान्यानं लोखंडावर तीन ठोके मारून नाव पुकारायचं. आतल्या माणसानं तीन ठोके परत द्यायचे. ठोके आले नाहीत तर सगळं काम बंद. ऐकायला सोपं वाटतं. एकतीस वर्षांत त्यांच्या टँकमधून एकही माणूस मेलेला बाहेर आला नाही. प्रशिकनं लग्नानंतर आनंदीला यार्डाबद्दल ज्या चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतली ही एक.

म्हणून फेब्रुवारीत एका रविवारी ती बूढ़ापाऱ्यात त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. आठवडाभर ती सदर बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात फॉल-पिकोच्या मशीनवर बसते. रविवार तेवढा रिकामा.

बाबारावांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमी फक्त येवढंच सांगा, का हे तिथं होते," आनंदी म्हणाली. "बाकी आमची वकील पाहून घेते."

"चहा घे," बाबाराव म्हणाले.

"तुमाले याद आहे न?"

"याद आहे. मी विचार करतो."

चहा पिऊन ती उठली. फाटकापर्यंत त्यांच्या बायको पद्मिनीबाई आल्या. त्यांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत शिरा फुगून दोरीसारख्या झाल्या होत्या.

"रागावू नको त्यायच्यावर," त्या हळूच म्हणाल्या. "हप्त्यातून दोनदा माझं डायलिसिस रायते. यार्डाच्या कार्डावर होऊन राहिलं सारं, सहा वर्ष झाले. दुसऱ्याच्या पासवर माणूस आत सोडला, असं हे कोर्टात बोलले, तर ती यायचीच चूक होते न? मंग कार्डाचं काय करन यार्ड, सांगता येते काय?"

आनंदीनं पद्मिनीबाईंच्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. बूढ़ा तालाबच्या कडेनं परत येताना तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. एक आजारी माणूस वाचवायला ती दुसऱ्या आजारी माणसाच्या घरी मागायला गेली होती. सोमवारी तिनं वकील निधीला फोन करून सांगितलं, ते नाव राहू द्या.

"दीदी, फिर तो केस में कुछ बचता नहीं," निधी म्हणाली. निधीला मराठी सगळं कळे. घरी आजीशी ती मराठीतच भांडायची. बोलायची वेळ आली की तिच्या तोंडी हिंदी येई.

प्रशिकनं ऐकलं तेव्हा तो पलंगावर उशी पाठीशी घेऊन बसला होता. शब्दांच्या मध्ये थांबत म्हणाला, "बरं केलं. त्या माणसानं मले... आठ वर्षं जिवंत बाहेर काढलं. अजून किती मागू?"

गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांच्या पत्र्याच्या फाटकावर कोणीतरी तीन ठोके मारले. आनंदी उठायच्या आत प्रशिकनं हात मागे नेऊन पलंगाच्या लोखंडी दांडीवर ताटलीनं तीन ठोके दिले.

"शेंडे!" बाहेरून आवाज आला.

"आहे, भैया," प्रशिक म्हणाला. आनंदीचं लक्ष अजून फाटकाकडेच होतं. मागे वळून तिनं नवऱ्याकडे पाहिलं तर तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

बाबाराव आत आले, खुर्ची नाकारून पलंगाच्या कडेवर बसले आणि कापडी पिशवी मांडीवर घेतली. "किती वाळला बे तू," ते म्हणाले. "पयले मॅनहोलमधून निघत नव्हता, ओढा लागे तुले."

"आता... दोन निघीन, संगंसंग."

"पद्मिनी तीन दिवस माझ्याशी बोललीच नाही. काल म्हणे, मी तुमच्या कार्डावर जगून राहिली अन् तो पोट्टा तुमच्यापायी मरून राहिला, असं मले नाही चालत. काय बोलू तिच्यासंग?" त्यांनी पिशवीची नाडी सोडली. "माझ्या वहीत तू आत गेल्याचं लिहून आहे. बाहेर आल्याचंबी आहे. पण तू काही बाहेर आला नाहीस अजून, दिसतेच आहे मले."

पिशवीतून वह्या निघाल्या. आनंदीला तोवर त्यांची काही कल्पना नव्हती. यार्डाचं रजिस्टर यार्डात राहिलं. पण बाबाराव स्वतःची एक वही शर्टाच्या खिशात ठेवत, दर वर्षी एक, आणि ती रजिस्टरापेक्षा वेगळी होती. रजिस्टरात पासावरचं नाव लिहायचा नियम. वहीत ते खरं नाव लिहीत.

"काहून?" आनंदीनं विचारलं.

बाबारावांनी सांगितलं ते थोडक्यात असं. १९९८ मध्ये एका टँकमधली हवा अचानक विरळ झाली. आत जाताना प्रत्येकानं तोंडाशी ठेवलेल्या टोकनांवरची नावं त्यांनी एकेक करून पुकारली. पाच जण बाहेर आले. सहावा दुसऱ्याच्या पासवर आत गेला होता. डोकं बधिर होऊ लागलेलं, त्यात कोणीतरी दुसऱ्याचंच नाव पुकारतंय. तो जागचा हलला नाही. त्याला काढायला अकरा मिनिटं लागली. जीव वाचला, पण पुढे त्याला स्वतःची बायकोही ओळखू आली नाही.

"तवापासून मी आत जाणाऱ्या हरेकाले विचारत होतो, तुझ्या मायनं काय नाव ठेवलं? पासवर काही का असेना. आवाज द्याचा तर त्याच नावानं द्याचा."

आता मंगळवारी त्या वह्या न्यायालयाच्या टेबलावर होत्या.

यार्डाचे वकील सुशील शुक्ला यांनी उलटतपासणी सुरू केली. ते आवाज चढवत नसत. आनंदीला त्याचीच भीती वाटली. त्यांनी विचारलं, या वह्या यार्डानं दिल्या का? नाही. त्यांवर कोणाची सही, शिक्का? नाही. म्हणजे कालही घरी बसून लिहिता आल्या असत्या?

"आल्या असत्या," बाबाराव म्हणाले.

निधीनं कपाळाला हात लावला.

शुक्लांनी मधलीच एक वही उचलली, २०१३ ची. एक पान उघडून त्यांनी ते वाचलं, मग डोळे बारीक केले. "नामों के आगे कहीं-कहीं 'गु' लिखा है. ये क्या है?"

"गूळ."

"क्या?"

"गूळ, साहेब. गुड़." बाबाराव सरळ न्यायाधीशांकडे वळले आणि हिंदीत सांगू लागले. धुळीत काम करणाऱ्या कायम कामगाराला यार्ड रोज पन्नास ग्रॅम गूळ देई. त्यानं घसा साफ होतो असं मानत. ठेक्याच्या माणसांना तो मिळत नसे. ते यादीत नव्हते. टँकच्या तोंडाशी बसणाऱ्याला मिळे, तो तर आतही जात नसे. "म्हणून माझा गूळ मी आतून येणाऱ्याला देत होतो. पन्नास ग्रॅम सहा जणांत काय वाटणार? रोज एकाला. कोणाची पाळी चुकू नये म्हणून लिहून ठेवलं."

न्यायाधीशबाईंनी वही मागवून घेतली. त्यांनी आठ-दहा पानं उलटली. आनंदीला दिसत होतं, त्यांचं बोट 'गु'वरून 'गु'वर जात होतं आणि प्रत्येक वेळी त्याच सहा-सात नावांची पाळी फिरून येत होती. प्रशिकनं तिला टँकबद्दल सांगितलं होतं, वाळूबद्दल, दिव्याबद्दल. गुळाबद्दल कधीच नाही. खाल्लेला गूळ विसरून गेला असेल, तिला वाटलं. आणि हा माणूस तो लिहून ठेवत होता.

निधी उठली. यार्डानं आपल्या सुरक्षा व्यवस्थेचा दाखला म्हणून स्वतःच एक अहवाल दाखल केला होता: १२ फेब्रुवारी २०१३, दुपारी दोन चाळीसला ऑक्सिजनची घंटा वाजली, सहा कामगार चार मिनिटांत सुखरूप बाहेर. तिनं तो वाचून दाखवला, सहा नावांसकट. मग बाबारावांना त्याच तारखेचं पान वाचायला सांगितलं.

बाबारावांनी चष्मा सारखा केला. वेळ तीच. टँक तोच. पाच नावं तीच. यार्डाच्या अहवालात जिथं रामकृष्ण साहू होता, तिथं वहीत होतं: "शेंडे, साहूच्या पासवर. शेवटी निघाला. गु."

"त्या दिवशी पाळी नव्हती त्याची," बाबाराव न विचारता म्हणाले. "पण घाबरला होता, म्हणून दिला."

शुक्ला पुन्हा उठले. आनंदीला कळलं, आता तो प्रश्न येणार.

"म्हणजे हा माणूस दुसऱ्याच्या पासवर आत जातोय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"वरिष्ठांना कळवलं?"

"एकदा तोंडी. ते म्हणाले, तू हवा पाहा. त्यानंतर नाही कळवलं."

"सुरक्षा नियमांप्रमाणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे. ठाऊक आहे?"

"आहे. तो नियम मीच नव्या लोकांना शिकवत होतो."

"निवृत्त कामगार म्हणून तुम्ही आजही कंपनीच्या वैद्यकीय योजनेचा लाभ घेता?"

"मी नाही. माझी बायको घेते. चांगली योजना आहे." बाबारावांनी वही परत टेबलावर ठेवली. "कंपनीनं माझं काही वाईट केलं नाही, साहेब. घर दिलं, दवाखाना दिला, जेवण दिलं. मला दिलं तेवढं आत जाणाऱ्याला दिलं असतं, तर मी आज इथं आलो नसतो."

शुक्लांनी 'नो फर्दर क्वेश्चन्स' म्हटलं. वेळ बारा वाजून पाच मिनिटं.

आदेश तोंडी झाला आणि दुपारी टाइप होऊन मिळाला. यार्डानं २००९ ते २०१६ ची टँक-प्रवेशाची आठ मूळ रजिस्टरं हजर करावीत. ही मागणी निधीची होती, आणि तिच्यामागे प्रशिकची एक चूक होती. आत जाताना प्रत्येकाला रजिस्टरात सही करावी लागे. पुढे सात वर्षं प्रशिक साहूची सही इतकी सराईत करू लागला, की ती त्याची म्हणून ओळखणं अवघड. पण पहिल्याच आठवड्यात, सवयीनं, त्यानं साहूच्या नावासमोर मराठीत 'प्रशिक शेंडे' लिहिलं होतं. ठेकेदारानं शिवी हासडली आणि त्यानं ती सही खोडून वर दुसरी केली होती. किती वेळा असं झालं? प्रशिकला दोनदा आठवत होतं. बाबारावांच्या वहीत तीन तारखा होत्या: ऑगस्ट २००९, १९, २० आणि २२. समोर लिहिलं होतं, "नाव चुकून खरं लिहिलं."

बाहेर आवारात आनंदी बाबारावांच्या पाया पडायला वाकली, तर ते मागे सरले.

"हे नको. घरी जाय. त्याले सांग, पाणी भरपूर पेत जा."

"काका, आता काकूंचं कार्ड..."

"शनिवारी पाहू. शनिवारी तिचं डायलिसिस आहे."

शुक्रवारी त्यांना यार्डाचं पत्र आलं. वैद्यकीय योजनेच्या नियम अकराखाली आपला लाभ का थांबवू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. पद्मिनीबाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं. "खुलासाच पायजेन न त्यायले?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मंग त्या एकतीस वह्याईची झेरॉक्स पाठवून द्या. महिना जाते त्यायचा वाचाले."

शनिवारी आनंदीनं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि ती त्या दोघांसोबत दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या बाईनं कार्ड मशीनला लावलं. मशीननं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, की तिघांना तसं वाटलं, सांगता येत नाही. पावती निघाली. पद्मिनीबाई आत गेल्या. बाबारावांनी खिशातून वही काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ लिहिली. आनंदीनं डोकावून पाहिलं: "पद्मिनी. आत, १०.१०."

ते त्यांच्या नोकरीतलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी बत्तिसावी वही सुरू केली होती, आणि तिच्यात पद्मिनीबाईंच्या सहा वर्षांच्या सगळ्या फेऱ्या होत्या, आत आणि बाहेर, दोन्ही वेळांसकट. चार तास ते बाकावर ताठ बसून राहिले. दर पंधरा मिनिटांनी उठून दाराच्या काचेतून आत पाहत, पद्मिनीबाई हात वर करत, मग ते परत येऊन बसत. आनंदीनं एकदा घड्याळ लावून पाहिलं. एक मिनिटही इकडेतिकडे होत नव्हतं.

रजिस्टरं हजर करायची मुदत सोमवारी संपत होती. सोमवारी संध्याकाळी सव्वापाचला आनंदी मशीनवर एका साडीचा फॉल लावत होती, तेव्हा निधीचा फोन आला.

"दीदी, यार्ड का पार्सल आ गया. सीलबंद है."

"सगळे आले न?"

"बाबू ने बाहर की लिस्ट पढ़ी. आठ मंगाए थे, सात लिखे हैं."

"कोणतं नाही?"

"लिस्ट पर साल नहीं लिखा. सिर्फ गिनती."

न्यायालयातल्या त्या बाबूला सील तोडायचा अधिकार नव्हता. पार्सल अठरा तारखेला न्यायाधीशांसमोर उघडलं जाईल; तोवर २००९ चं, त्या तीन सह्यांचं रजिस्टर आत आहे की नाही हे कळणार नव्हतं. आनंदीनं फोन ठेवला, मशीनवरची साडी तशीच सोडली आणि आधी बूढ़ापाऱ्यात फोन लावला. बाबारावांनी ऐकून घेतलं, काय आलं, किती आलं, किती वाजता कळलं ते विचारलं, आणि तिला एक मिनिट थांबायला सांगितलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, आणि मग लिहिता लिहिता ते पुटपुटले, "बाहेर सात. आत एक."